कस्तुरचंदांची सकाळची गाडी

आमच्या वाशीमला गाडी नव्हती असं नाही. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी पॅसेंजर होती. ती दुपारी कधीतरी यायची, स्टेशनात उभी राहून पाणी प्यायची आणि निघावंसं वाटलं की निघायची. सकाळी हिंगोलीला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला परत यावं, असं म्हणणाऱ्याला लोक हसायचे. कापडदुकानदार कस्तुरचंद मात्र हसले नाहीत. त्यांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, रेल्वेच्या साहेबांच्या भेटीसाठी थेट सिकंदराबादपर्यंत खेटे घातले. शेवटी जलद गाडी मंजूर झाली आणि चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात सुरू व्हायचं ठरलं. आधी कागदावर ती संध्याकाळची होती. ती सकाळची करून घेतली तीही कस्तुरचंदांनीच. माणूस चिवट, हात धुऊन मागे लागला की सोडायचा नाही.

फक्त एका माणसापुढं त्यांचं काही चाललं नव्हतं, आणि ती त्यांची मुलगी. कंचन दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेऊन जैन साध्वी झाली. कस्तुरचंद रडले, रागावले, एक दिवस जेवले नाहीत, आणि मग स्वतःच तिची मिरवणूक काढली. आता ती कंचन नव्हती, सुव्रताजी होती. योगायोग असा की त्या वर्षीचा चातुर्मास तिच्या गुरुणीजींनी वाशीमलाच केला. चार महिने मुलगी गावात, आणि तरी घरात नाही. तिची आई भंवरीबाई रोज जैन स्थानकात, साध्वींच्या उतरण्याच्या जागी, जाऊन प्रवचनाला पुढं बसायच्या. तोंडावर बांधलेल्या पांढऱ्या मुहपत्तीवरचे लेकीचे डोळे सगळ्या बायकांवरून फिरायचे तसेच त्यांच्यावरूनही फिरायचे. घरी येऊन त्या पोळ्या लाटायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. असल्या न बोलण्याची कस्तुरचंदांना फार भीती वाटायची.

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि तिघी साध्वी हिंगोलीकडे पायी निघाल्या. पहिला मुक्काम केकतउमऱ्याला. पुढं पैनगंगा, तिच्यापार कनेरगाव. रस्त्याच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, अजून पाणी वाहत होतं, आणि पाण्यात जीव असतात म्हणून साध्वी वाहत्या पाण्यात पाय घालत नाहीत. गवतावरही पाय देत नाहीत. तेव्हा रुळांच्या कडेनं जावं आणि रेल्वेचा पूल ओलांडावा, असं कस्तुरचंदांनीच सुचवलं.

"सकाळी त्या रुळावर कोणीच नसते, महासतीजी. बेफिकीर जा," ते म्हणाले.

हे खरं होतं, पण आणखी दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांची जलद गाडी सुरू होणार होती. ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज काय? साध्वी उद्याच पुलापार होणार. आणि दुसरं असं, की जिनं बैलगाडीतसुद्धा बसायचं सोडलं तिच्यापुढं आपल्या गाडीचं कौतुक कोणत्या तोंडानं सांगायचं? साध्वींपुढं संसाराच्या गोष्टी काढायच्या नसतात, हे कारण हाताशी होतंच.

त्या तिसऱ्या दिवशी स्टेशनात पताका लागल्या, बँडवाले आले. कस्तुरचंद ड्रायव्हरसाठी झेंडूचा हार घेऊन उभे होते आणि पुतण्या ज्ञानचंद पेढ्यांच्या टोपल्या सांभाळत होता. तेवढ्यात केकतउमऱ्याहून सायकलवर दूध आणणारा भिवाजी गर्दीत दिसला.

"काय भिवाजी, काल महासतीजी सुखरूप गेल्या ना?" कस्तुरचंदांनी सहज विचारलं.

"काल कुठी गेल्या सेठ? मोठ्या बाईंच्या पायाले काटा रुतला होता. काल शाळेतच राह्यल्या. आज निंगून राह्यल्या होत्या, मी आलो तवा."

कस्तुरचंदांना आधी कळलंच नाही. मग कळलं. साध्वी कधी निघणार, कधी पोहोचणार हे आधी सांगत नाहीत. विचारलं तर 'जसा अवसर' एवढंच म्हणतात. जन्मभर हे ऐकलेल्या माणसानं त्यांच्या प्रवासाचा हिशेब रेल्वेच्या वेळापत्रकासारखा मांडला होता.

ते धावत स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले. मास्तरांनी लगेच केकतउमऱ्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, पांढऱ्या लुगड्यातल्या तीन बाया रुळाच्या कडेनं पुढं गेल्या, बराच वेळ झाला.

"तिथून कोणाले तरी त्यांच्या मागं पाठवा ना!"

"कोणाला पाठवू? तिथं आहे तो एकच माणूस, तो सिग्नलवर आहे. उद्घाटनाची गाडी मला रोखता येणार नाही, मी ड्रायव्हरला चिठ्ठी देतो. पुलाजवळ सावकाश घेईल, शिट्टी वाजवील. त्या बाजूला होतील."

"कुठी बाजूले होतील? पुलाले कठडा नाई! आन् शिट्टी आयकून पळाच्या नाईत त्या. पायाखाली मुंगी आली तर, म्हणून खाली पाहूनच चालतात."

मास्तरांनी चिठ्ठी लिहिली खरी, पण त्यांचाही हात घाईनं चालला होता. बाहेर बँड सुरू झाला. गाडी आली होती, आणि वेळेवर आली होती. आमच्या मार्गावर हे कधी घडत नसे. घडायचं तर त्याच दिवशी घडलं.

ड्रायव्हर गोविंदसिंग नांदेडचा, दाढी पांढरी, आवाज चढा. चिठ्ठी वाचून त्यानं खाली उभ्या कस्तुरचंदांकडं पाहिलं. हार अजून त्यांच्याच हातात होता.

"तुमच्या कोण लागतात?"

या प्रश्नाचं उत्तर कस्तुरचंदांना दोन वर्षं देता आलं नव्हतं. दीक्षा घेतलेली मुलगी रीतीनं कोणाचीच काही लागत नाही.

"मही पोरगी हाये," ते म्हणाले.

"मग वर या."

इंजिनात बाहेरच्या माणसाला घ्यायचं नसतं. मास्तरांनी तेवढ्यात झेंड्याकडं पाहायचं काम काढलं. शुभ्र धोतरातले शेठ कोळशाच्या ढिगाशेजारी उभे राहिले आणि गाडी सुटली. लोकांना वाटलं मान मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कस्तुरचंद किती घाबरले होते हे कसं सांगावं? भट्टीची धग तोंडावर येत होती आणि अंगाला थंडी वाजत होती. शेताच्या बांधावर कापूस वेचणाऱ्या बाईचं पांढरं लुगडं दिसलं की ते इंजिनाबाहेर वाकून पाहायचे. गाडी खरंच जलद होती. तीन वर्षं त्यांनी हेच मागितलं होतं, आणि आता प्रत्येक खांब मागं पडला की त्यांना गोविंदसिंगाचा हात धरावासा वाटत होता. नवकार मंत्र म्हणायला घेतला, तो दुसऱ्या ओळीवर अडकला. जन्मापासून पाठ असलेला मंत्र! ते पुन्हा पुन्हा तीच ओळ म्हणत राहिले.

केकतउमरा मागं गेलं. पुढं वळण आणि वळणापलीकडं पूल. गोविंदसिंगानं वेग कमी केला आणि शिट्टीच्या दोरीला हात घातला.

"नका वाजवू," कस्तुरचंद ओरडले. "दचकल्या तर खाली जातील!"

वळण संपलं. पुलाच्या मधोमध तिघी चालल्या होत्या, एकीमागं एक, पाठ इकडं. गोविंदसिंगानं ब्रेक दाबला. चाकं किंचाळली, मागच्या डब्यांतून भांडी पडल्यासारखा आवाज आला आणि गाडी पुलाच्या अलीकडं, हाताच्या अंतरावर नाही तरी फार लांबही नाही, उभी राहिली.

कस्तुरचंद उतरले की पडले हे त्यांनाही आठवत नाही. ते पुलाच्या तोंडाशी गेले. स्लीपरांच्या फटींतून खाली पाणी दिसत होतं. तिघींची चाल तशीच होती. मान खाली, पाऊल जपून. तिन्ही पाठी सारख्या, तिन्ही डोकी सारखी झाकलेली. त्यांना आपली मुलगी कोणती ते ओळखता येईना. गाडी थांबली होती, धोका टळला होता, तरी त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली.

"कंचन!"

कोणी मागं वळून पाहिलं नाही. तिघी चालत राहिल्या.

मागं डब्यांच्या दारांतून लोक डोकावत होते. अकोल्याहून उद्घाटनाला आलेले पाहुणे घड्याळ दाखवून काही विचारत होते आणि गोविंदसिंग त्यांना आपल्या चढ्या आवाजात सांगत होता, "साध्वी लोक पुलावरून चालले आहेत. पोहोचतील तेव्हा जाऊ." कस्तुरचंदांची जलद गाडी पहिल्याच दिवशी तीन बायकांच्या पावलांनी चालली.

तिघी पलीकडं पोहोचून रुळाबाजूच्या मुरमाड जागेत थांबल्या. कस्तुरचंद पूल ओलांडून गेले, दुरूनच वाकले आणि रीतीप्रमाणं खुशाली विचारली, "सुखसाता आहे ना?"

"साता आहे, श्रावकजी," गुरुणीजी म्हणाल्या. "ही गाडी कुठली? सकाळी तर कोणी नसतं म्हणाला होतात."

"आजपासून सुरू झाली. मले ठाऊक होतं. मी सांगतलं नाई." मग त्यांना राहवलं नाही. "लाज वाटली, महासतीजी. तुमच्यापुढं गाडीचं काय बोलावं म्हून गप राह्यलो. आज माह्या लाजेनं तुमाले मारलं असतं."

गुरुणीजी काही बोलायच्या आत मागची साध्वी पुढं आली. आता डोळे दिसले आणि कस्तुरचंदांनी ओळखले. ती त्यांच्याकडं न पाहता गुरुणीजींपुढं हात जोडून उभी राहिली.

"मघाशी पुलावर संसारातल्या नावानं हाक आली. माझं पाऊल अडलं. मन तिकडं गेलं. मला प्रायश्चित्त द्या."

गुरुणीजींनी क्षणभर कस्तुरचंदांकडं पाहिलं. "आज उपवास," त्या हळू म्हणाल्या.

"तहत्ति," सुव्रताजी म्हणाल्या, म्हणजे आज्ञा मान्य. तिघी पुढं चालायला लागल्या.

त्या दिवशी हिंगोलीच्या उद्घाटन सभेत कस्तुरचंदांनी भाषण केलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं ते घरी आले तेव्हा भंवरीबाई दारातच होत्या. त्याच गाडीनं गेलेल्या ज्ञानचंदानं दुपारीच कोणाबरोबर तरी निरोप धाडला होता, त्यामुळं सगळं त्यांना कळलं होतं आणि काहीच कळलं नव्हतं.

"बरी हाये ना?"

"साता हाये."

"गोचरीले अन्न भेटलं असंन का तिकडं? कनेरगावात आपली घरं दोनच."

"आज उपास हाये तिचा."

"काहून? आज तं तिथीचा उपास काई नाई."

कस्तुरचंद पायरीवर बसले. धोतराला कोळसा लागला होता तो झटकायला लागले, तर तो आणखीच पसरला. "माह्यामुळं. मी पुलावर तिले कंचन म्हून हाक देली. तिचं पाऊल थांबलं. त्याचं प्रायश्चित्त घेतलं तिनं. मी पाप केलं, भंवरी. पोरीले उपाशी ठेवलं."

 भंवरीबाईही पायरीवर बसल्या, जवळ सरकल्या, आणि चार महिने जो आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता त्या आवाजात त्यांनी विचारलं,

"म्हंजे आयकू गेलं तिले?"