तुळसाबाईची हाक

महागूनं आयुष्यात दोनच चोऱ्या केल्या आणि दोन्ही धड केल्या नाहीत. पहिल्या खेपेला बकरी उचलली, ती वाटेत ओरडली. दुसऱ्या खेपेला मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, विहिरीवरचा पाण्याचा पितळी गुंड उचलला आणि तो डोक्यावर घेऊन भर बाजारातून चालत निघाला. अशा माणसाला चोर म्हणणं म्हणजे खऱ्या चोरांचा अपमान. पण कोर्टाला विनोद कळत नाही. तीन वर्षं नागपूरच्या जेलात पडली. आत गेला तेव्हा बालाघाट नागपूरच्या राज्यात होतं, बाहेर आला तेव्हा भोपाळच्या. राज्य बदललं, पण महागूचा कागद वाट चुकला नाही. तो गावी पोचायच्या आधीच ठाण्यात जाऊन बसला होता: महागू वल्द सुकलाल, राहणार बोरटोला, नजर ठेवावी.

बोरटोला म्हणजे राजेगावपासून दोन कोसांवरचं गाव. समोर बाघ नदी, नदीपलीकडे महाराष्ट्र. त्या गावात नऊ वर्षं महागू नजरेखाली राहिला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी, आणि रोज दिवेलागणीला दारावर हाक.

ही हाक मारायची तुळसाबाई. ती गावची कोटवारीण, म्हणजे सरकारी राखणदार. नवरा वारला तेव्हा त्याची कोटवारी, त्याचा खाकी कोट आणि पितळी बिल्ला तिच्याकडे आला. कोट तिच्या गुडघ्यापर्यंत यायचा. सुरुवातीला लोक हसले, मग हसणं आपोआप थांबलं. जन्म, मरण, गुरांचा आजार, गावात आलेला परका माणूस, हे सगळं ती गुरुजीकडून बहीत लिहून घ्यायची आणि सोमवारी ठाण्यात नेऊन सांगायची. अक्षर एक येत नव्हतं, पण गुरुजीनं तारीख चुकवली तर न बघता चूक काढायची.

"महागू! घरी हायस का?"

"हौ, हाय."

एवढंच. नऊ वर्षांत एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. पावसात आली, तापात आली. तिचा एकुलता एक लेक टायफॉइडनं गेला, त्या दिवशी तरी येणार नाही असं महागूला वाटलं होतं. ती नदीवरून माती देऊन परत आली, ओल्या लुगड्यावर कोट चढवला आणि दारात उभी राहिली. "महागू! घरी हायस का?" त्या दिवशी महागूला 'हाय' म्हणताना रडू आलं. शरम तर त्याला रोजच वाटायची. त्या दिवसापासून तिची भीतीही वाटू लागली आणि आदरही.

आता महागूला एकच ध्यास होता. ठाण्याच्या रजिस्टरातून नाव कटलं पाहिजे. स्वतःसाठी नव्हे, पोरीसाठी. अंजना चौथी पास होऊन पाचवीत गेली होती, आणि शाळेत पोरं तिला हाक मारून विचारायची, "अंजने, बाप घरी हाय का?" ती घरी येऊन जेवायची नाही. सरपंच प्रेमलाल पटेलनं शब्द दिला होता, "चुनाव होऊन जाऊ दे महागू, मी ठाणेदाराले चिठ्ठी देतो. तुझं नाव कटलंच समज." ही गोष्ट सदुसष्टच्या जानेवारीतली.

त्याच महिन्यात भैयालाल गावात आला.

प्रेमलालनं मुलींच्या शाळेला छात्रावास जोडायचं मनावर घेतलं होतं. आसपासच्या टोल्यांवरच्या, वाड्यांवरच्या वीस पोरी तिथं राहून शिकणार होत्या. जुन्या धान-मिलच्या गोदामाला चुना लावून झाला, आणि चुनावाच्या आधी फीत कापायची घाई झाली. चौकीदार हवा होता. प्रेमलालच्या मेव्हण्याच्या ओळखीनं भैयालाल मिळाला. पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात सदा रामनाम. गोदामालगतच्या खोलीत राहायलाही आला, राशन कार्डही झालं. बायकांनी पहिल्याच एकादशीला त्याच्या भजनाचं कौतुक केलं.

महागूनं त्याला विहिरीवर पाहिलं आणि त्याच्या स्वतःच्या हातातला दोर सुटला.

जेलात माणसाची जात नंतर विचारतात, आधी दफा, म्हणजे कलम, विचारतात. नागपूरच्या बराकीत भैयालालची दफा सगळ्यांना ठाऊक होती. तुमसरकडल्या एका गावची पोर. वय वर्षं नऊ. खुनाची सजा भोगणारे लोकही त्याच्या ताटाशेजारी आपलं ताट मांडत नसत. करून करून भागला अन् देवपूजेला लागला म्हणतात तो हाच. भैयालालनंही महागूला ओळखलं. हसला आणि हळूच म्हणाला, "का गा महागू, अंजना तुझीच पोट्टी नाही का? मोठी गोड हाय."

त्या दिवसापासून महागूला पेच पडला. बोलावं तर प्रेमलाल उलटणार, चिठ्ठी गेली, नाव जन्माचं राहिलं. न बोलावं तर गोदामात वीस पोरी. दिवेलागणीला तुळसाबाई हाक मारायची आणि त्याच्या ओठांवर यायचं, बाई, थांब, एक सांगतो. पण ती थांबणाऱ्यांतली नव्हती. 'हाय' ऐकलं की काठी पुढं.

शेवटी ग्रामसभा भरली. शाळेचा व्हरांडा भरून गेला. चुनावाचे दिवस, म्हणून विरोधी पार्टीचे दुलीचंद वकीलही बालाघाटहून जीप घेऊन आले होते. प्रेमलालनं छात्रावासाचं वाचून दाखवलं, चौकीदाराचं नाव वाचलं, टाळ्या झाल्या. टाळ्या संपायच्या आत महागू उभा राहिला.

"तो माणूस ठेवू नका. तो माह्यासंगं जेलात होता. तुमसरकडल्या नऊ वर्षाच्या पोट्टीचा गुन्हा होता त्याचा."

भैयालाल कोपऱ्यात बसून माळ ओढत होता. त्यानं नाही म्हटलं नाही. "सजा भोगली," तो म्हणाला, "कागद दाखवा कोनी, माह्यावर काही बाकी असंन तं."

प्रेमलालचा चेहरा लाल झाला. "चोराच्या वाटा चोराले मालूम! उद्या हा म्हनंन सरपंचबी जेलात होता."

वकिलांना मात्र आयता मुद्दा मिळाला. ते उठले, चष्मा पुसला. "हीच तं कायद्याची पोल हाय, हेच भोक, भाऊ! दोनदा चोरी केली तर कोर्ट सांगू शकते, पाच वर्षं आपला पत्ता ठाण्यात देत जा, अन् नंतर ठाणेवाले नाव काढतच नाही. खोटा सिक्का पाडला तरी तेच. पन हा गुन्हा त्या यादीतच नाही. म्हंजे गुंड चोरनाऱ्याचं नाव रजिस्टरात, अन् याचं कुठीच नाही. सरकार झोपलं हाय!"

"कायदा इंग्रजाचा हाय," प्रेमलाल ओरडला.

"इंग्रज जाऊन वीस साल झाले, राज तुमचंच हाय!"

"मुकदमा भंडाऱ्याचा. ते तिकडच्या सरकारनं पाहावं."

"अन् माणूस इकडं!"

मग दीड तास वादविवाद रंगला. भोपाळला ठराव पाठवावा, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, हा कायदा दिल्लीचा, भोपाळ काय करेल? तिसरा म्हणाला, कागद तर मुंबईच्या राज्यात, आधी तिथून मागवा. दिल्ली, भोपाळ, मुंबई सगळं फिरून झालं. त्या पोरीच्या गावाला मात्र कुणी गेलं नाही, आणि या गावच्या पोरींनाही कुणी विचारलं नाही. आंधळं दळत होतं, कुत्रं कोपऱ्यात बसून माळ ओढत होतं.

तेवढ्यात पायरीखाली बसलेली तुळसाबाई उभी राहिली. सभेत ती कधीच बोलली नव्हती.

"गुरुजी, याचं नाव माह्या बहीत कुठी लिवता येते का?"

गुरुजीनं बही उघडून पाहिली. जन्म, मरण, गुरांची बिमारी, परका माणूस. "परका नाही ना तो, बाई. राशन कार्ड हाय त्याचं."

"म्हंजे कुठीच नाही येत?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

महागूचा शेवटचा आधार गेला. सभा संपली, चौकीदार कायम झाला. जाता जाता प्रेमलाल त्याच्या कानाशी म्हणाला, "आता तुझं नाव चितेवरच कटंन."

घरी येऊन महागू ओट्यावर बसला. सूर्य नदीपलीकडे टेकला. घरोघरी चुली पेटल्या, धूर खाली उतरला. गल्लीच्या तोंडाशी काठीचा आवाज आला आणि तो सवयीनं सरसावून बसला. तुळसाबाई आली, खाकी कोट, बिल्ला, सगळं तसंच. त्यानं 'हाय' म्हणायला तोंड उघडलं.

ती थांबली नाही. त्याच्या दारावरून पुढं निघून गेली.

नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो उठून तिच्या मागं गेला. ती गल्ली ओलांडून गोदामापाशी पोचली, खोलीच्या बंद दारासमोर उभी राहिली, काठी जमिनीवर आपटली.

"भैयालाल! घरी हायस का?"

आतलं भजन थांबलं.

"भैयालाल! घरी हायस का?"

आजूबाजूच्या दारांत बायका आल्या. पिठाचे हात, कडेवर लेकरं. चंपाबाई, जिनं सगळ्यात जास्त भजन वाखाणलं होतं, ती ओट्यावरून खाली उतरली. तिची एक नात पाचवीत होती. तिनं घसा खाकरला आणि तीही ओरडली, "भैयालाल! घरी हायस का?" मग पलीकडची अनुसया. मग तिसरी, चौथी. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. एक तरणा पोरगा काठी घेऊन पुढं झाला, तर तुळसाबाईनं त्याला कोपरानं मागं सारलं. "हात लावाचा नाही. फक्त हाक." मग त्या सगळ्या बायकांनी एका आवाजात विचारलं, आणि तो आवाज नदीवर जाऊन परत आला. देवळातल्या आरतीला, मोठ्या नेत्याच्या सभेला, कशाला म्हणून महागू कधी असा हरखला नव्हता. हात जोडावेत की काय करावं, त्याला कळेना.

दार उघडलं नाही. आतून बारीक आवाज आला, "हौ... हाय."

तुळसाबाईनं मान हलवली आणि वळली. परतताना महागू तिच्याबरोबर चालत होता. धीर करून त्यानं विचारलं, "बाई, माह्या दारावर हाक नाही मारली?"

"तू कुठी हायस ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "ठाण्यात मी सांगन."

पुढले आठ दिवस रोज दिवेलागणीला ही हाक झाली. ठाण्याचा हुकूम नव्हता, भोपाळचा ठराव नव्हता. टोल्यांवरच्या आईबापांना कळलं, त्यांनी पोरी पाठवल्या नाहीत. नवव्या दिवशी सकाळी भैयालालची खोली रिकामी होती. प्रेमलालनं दुसरा चौकीदार धरला, फीत कापली, भाषणात स्वतःचीच पाठ थोपटली. "पीडा टळली," सगळे म्हणाले.

पण महागूला चैन पडेना. पीडा टळली नाही, नुसती सरकली. आता कुठल्या तरी दुसऱ्या गावात तो माळ ओढत बसला असेल, आणि तिथं तुळसाबाई नाही. कायद्याला भोक होतं ते होतंच.

सोमवारी तो हजेरीला ठाण्यात गेला. आवारातल्या कडुलिंबाखाली नेहमीप्रमाणे चाळीस गावांचे कोटवार बह्या घेऊन बसले होते. महागू नेहमीप्रमाणे भिंतीशी उभा राहिला. बह्या लिहून झाल्या, मुंशी आत गेला. तेव्हा तुळसाबाई उठली आणि कागद न घेता सांगू लागली. भैयालाल. पन्नाशीचा. डाव्या भुवईवर कापल्याची खूण. गळ्यात माळ. तुमसरकडची पोर, नऊ वर्षाची. पोरी असतील तिथं काम मागतो.

कुणी काही लिहिलं नाही. त्यातल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. पण एकेकानं ते आपल्या तोंडानं परत म्हटलं, जसं जन्ममरण पाठ करतात तसं. भैयालाल, भुवईवर खूण, माळ, तुमसर. चाळीस तोंडांतून ते नाव फिरलं. नदीकाठच्या कोटवारानं सांगितलं, पलीकडचा कोतवाल माझा साडू, त्याला आजच सांगतो. लांजीकडचा म्हातारा कोटवार मोतीलाल शेवटी बसला होता. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं आणि मग डोळे उघडले.

"आमच्या गावात हाय," तो म्हणाला. "परवा आला. शाळेसमोर फुटाण्याचं दुकान टाकतो म्हनते." त्यानं काठी उचलली. "दिवेलागणीच्या आत पोचतो मी."

महागू भिंतीला चिकटून हे पाहत होता. दिल्ली, भोपाळ, मुंबईला न जमलेलं रजिस्टर त्याच्यासमोर कडुलिंबाखाली बसलं होतं, फाटक्या पागोट्यात, अनवाणी. त्याचे डोळे भरून आले.

"तुले कोनं सांगतलं हे सारं?" मोतीलालनं जाता जाता विचारलं.

तुळसाबाईनं काठीनं भिंतीकडं दाखवलं. "यानं. भर सभेत. नाव कटनार होतं याचं, तरी बोलला."

चाळीस तोंडं महागूकडं वळली. मग एका कोटवारानं आपलं घोंगडं सरकवलं आणि जागा केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा महागू त्या आवारात बसला.

तेवढ्यात मुंशी बाहेर आला, रजिस्टर उघडलं. "महागू वल्द सुकलाल, हाजिर है?"

महागू उठला नाही. घोंगड्यावरूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हौ, हाय."