अठरा इंचांवरचा दिवा

मी एक जुना दिवा आहे. पत्र्याची टोपी, पितळी होल्डर आणि आत पिवळा बल्ब, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझ्यात एक खोड आहे, ती आधीच कबूल करतो. मी उजेड देतो त्यापेक्षा जास्त तापतो.

एका कारागिराने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून माझी टोपी घडवली. तिथून मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मशीनवर आलो. घरात त्यांच्या नणंद त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. "सुईत दोरा ओवायला मला हाच दिवा लागतो," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पत्र्याला मांस कुठले, तरी ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर चढायचे.

मग भिंतीवर ट्यूबलाइट आली, पांढरी आणि थंड. "हा मेला उगाच डोकं तापवतो," म्हणत वहिनींनी मला कपाटावर टाकले. गरज सरो, वैद्य मरो! तिथे कोळ्याने माझ्या टोपीत घर केले आणि मीही फारशी तक्रार केली नाही.

आदल्या वर्षी वहिनींनी कोंबडीची पिल्ले आणली होती. ती गारठ्याने आठवड्याभरात एकेक करून गेली. वहिनी त्याविषयी बोलत नसत, पण त्यांची रिकामी पेटी कापड बेतायच्या टेबलाखाली तशीच पडून होती. यंदा त्यांनी पुन्हा डझनभर पिल्ले आणली, एका दिवसाची. "या खेपेला एकही जाऊ द्यायचं नाही," त्या नणंदेला म्हणाल्या आणि त्यांनी मला खाली काढून पुसले. नणंद बाळंतिणींच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. त्या हसून म्हणाल्या, "बघा वहिनी, तापणारं डोकं शेवटी कामाला आलं."

वहिनींनी पेटीत भुसा पसरला आणि दोरीने मला वर टांगले. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी पेटीच्या तळापासून माझ्या टोपीच्या कडेपर्यंत माप घेतले. अठरा इंच. झग्याचा घेर जमिनीपासून किती उंच हवा, ते त्या जमिनीपासूनच मोजत, तीच हाताची सवय. रोज सकाळी टेप लागे आणि अठराचे साडेअठरा झाले की त्या दोरी सैल करत.

ते पहिले दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. बाराही पिल्ले नेमकी माझ्याखाली दाटीवाटीने झोपत. सगळ्यात बारक्याला वहिनी शेंडेफळ म्हणत. ते उभ्या उभ्या पेंगायचे आणि चोच भुशात रुतली की दचकून जागे व्हायचे. मला वाटले, हे असेच चालणार.

पण मित्रांनो, पिल्लांना वाढायला मुळी दम निघत नाही. चौथ्या दिवशी पंखांच्या कडेला बारीक नळ्या दिसू लागल्या आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांची पिसे उलगडली. शेपटीच्या जागी झुबका आला. पिवळी लव झडू लागली, माना लांबल्या, पाय तर एखाद्याचे उसने आणल्यासारखे दिसत. तिसऱ्या आठवड्यात ती ना पिल्लू ना कोंबडी अशी विचित्र ध्याने झाली. सकाळी पाहिलेले पिल्लू संध्याकाळी ओळखू येईना.

आणि ती माझ्यापासून दूर पळू लागली. पेटीच्या कोपऱ्यात जाऊन चोची वासून बसत, पंख अंगापासून सुटे धरत. माझ्याखाली वर्तुळभर भुसा रिकामा. मला फार वाईट वाटले. मी आणखी काय द्यायचे होते?

वहिनींचा जीव तर टांगणीला लागला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यांना वाटले, गारठाच बाधला. त्यांनी पेटीवर चादर ओढली आणि मला आणखी खाली घ्यायला दोरीला हात घातला. तेवढ्यात नणंद कामावरून आल्या. शेंडेफळ मान टाकून आडवे पडले होते.

नणंदेने आधी चादर काढली. पेटीत हात घालून पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर क्षणभर धरला आणि झटकन मागे घेतला. मग बटण दाबून मला विझवले.

"वहिनी, माप कुठून घेता?"

"तळापासून. अठराच्या अठरा आहे, वन्सं. एक दोरा इकडेतिकडे नाही."

"तळ आहे तिथेच आहे हो. पिल्लांच्या पाठी किती वर आल्यात, ते बघा ना. शिवाय आता अंगावर पिसंही आलीत. गेल्या वर्षीच्या मापावर कुणा मुलाचा सदरा शिवाल का तुम्ही?"

वहिनींचा दोरीवरचा हात खाली आला. जुने माप घेऊन आलेल्या आईबापांना, "मूल समोर आणा, तरच कात्री लावीन," असे सांगून परत पाठवणाऱ्या त्याच. त्यांनी शेंडेफळाला ओंजळीत घेतले आणि बोटाने चोचीवर पाण्याचा थेंब लावला. दुसरा, तिसरा. चौथ्या थेंबाला त्याने घोट गिळला. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आले. "मीच मारत होते गं याला," त्या नणंदेला म्हणाल्या. अहो-जाहो त्या तेवढ्यापुरत्या विसरल्या होत्या.

मी विझून लोंबकळत होतो. खरे सांगतो, ते वाचावे म्हणून त्या दिवशी मला काहीच करायचे नव्हते, फक्त गार व्हायचे होते. आणि तेच मला सगळ्यात जड गेले.

त्यानंतर वहिनी टेप पिल्लांच्या पाठीपासून लावू लागल्या. पिल्ले कशी बसली आहेत ते आधी बघत, मग दोरीला हात घालत. मी वर वर जात राहिलो. सहाव्या आठवड्यात पिसांनी भरलेली बाराही अंगणात गेली आणि माझे काम संपले.

मित्रांनो, तुम्हीही कुणाला ऊब द्याल. द्या, भरपूर द्या. पण ज्याला देता त्याच्या पाठीवर रोज हात ठेवून बघा, कारण ते काल होते तेवढे आज नसते. काल शेंडेफळ उडून खिडकीत बसले आणि मान वाकडी करून माझ्याकडे पाहू लागले. त्याने मला ओळखले नाही. मला इतका आनंद झाला!