चालवून बघितल्याशिवाय

भागिरथीनं चाळीस वर्षं घोडेगावच्या बाजारात म्हशी घेतल्या नि विकल्या. जनावर चालवून बघितल्याशिवाय तिनं कधी किंमत सांगितली नाही, कारण नुसतं उभं असलं की लंगडं जनावरही धडधाकट दिसतं. आणि अशा बाईचा निकाल तिच्या पोटच्या पोरानं ती खाटेवर बसलेली असतानाच लावून टाकला!

मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यात सळई बसली आणि तिथून तिला नगरच्या या केंद्रात आणलं. म्हाताऱ्या माणसांनी इथं महिना-दीड महिना राहायचं, पुन्हा चालायला शिकायचं आणि घरी जायचं. आज तिचा सदतिसावा दिवस. कुणाचा हात न धरता अंगणातून फाटकापर्यंत जाऊन परत यायचं, एवढी एकच परीक्षा उरली होती. ती जमली की आपलं गाव, आपलं घर.

पण प्रवीण सकाळीच पुण्याहून आला, तो बेत पक्का करूनच.

"आई, एकटीनं राहणं आता बास. माझ्याकडे यायचं, कायमचं. म्हैस शेजारच्या जालिंदरकाकांनी आज बाजारात विकायला नेलीये."

"माझी म्हैस? मला न इचारता?"

"तुला धार काढायला खाली बसता येणार आहे का?"

"स्टुलावर बसंन. म्हशीला काय फरक पडतो?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगं मायेनंच बोलत होतं, म्हणून तर जास्त लागलं. तिनं व्यायाम घेणाऱ्या मुलीला हाक मारली.

"प्रार्थना, वॉकर आन. परीक्षा आत्ता घे."

"आजी, ती दुपारी ठेवलीय."

"दुपारी बाजार उठतो, पोरी."

प्रार्थनानं तिला अंगणात पायरीपाशी आणलं, वॉकर पुढ्यात ठेवला आणि बाजूला झाली.

भागिरथी निघाली. फाटकाला हात लावला. वळताना मात्र डावा पाय अडखळला, वॉकर कलला. प्रवीण धावला.

"लांब ऱ्हा!" ती कडाडली. "चालतं जनावर कुनी धरून दावतं व्हय? धरलं की गिऱ्हाईक समजतं, खोट हाय म्हनून."

प्रवीण जागीच थबकला. लहानपणी बाजारात त्यानं हे शंभरदा ऐकलं होतं. भागिरथीला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी तिनं पाय नीट टेकवला, दम खाल्ला आणि एकेक पाऊल टाकत पायरीपर्यंत आली. लुगडं घामानं चिंब झालं होतं.

"जमलं, आजी," प्रार्थना म्हणाली. "डॉक्टरांची सही घेऊन येते. घरी जा."

भागिरथीनं लेकाकडं पाहिलं. "लाव जालिंदरला फोन."

प्रवीणनं फोन लावला. "काका, म्हैस देऊ नका. मालकीण येतीय."

"चालत येतीय म्हन," भागिरथी म्हणाली.