टाकीची मागची बाजू

थोरल्याने वाकून टाकीत पाहिलं आणि त्याला धाकट्या भावाचं पोट दिसलं. बनियनमधलं, श्वासागणिक हलणारं, तब्बल दोन वर्षांनी.

"विष घातलंय त्याने पाण्यात," तो बायकोला म्हणाला.

माशांची ही चार फुटी टाकी वडिलांची. घराच्या वाटणीत ती सोडायला दोघांपैकी कुणीच तयार होईना, म्हणून गवंड्याने मधली भिंत तिच्याभोवतीच बांधली. वडील गेल्याचं थोरल्याने धाकट्याला दुसऱ्या दिवशी कळवलं होतं. तोवर सगळं आटोपलं होतं. त्यावर धाकटा जे बोलला ते थोरला विसरला नाही, आणि पुन्हा बोलायची वेळही त्याने येऊ दिली नाही. राहता राहिली काच. तिच्यातून ते तोंड दिसू नये म्हणून त्याने लांब दांड्यांची हिरवी पाणवनस्पती आणली आणि टाकीच्या मागच्या बाजूला, म्हणजे धाकट्याच्या काचेला लागून, ओळीने खोचली. लावा आणि विसरून जा, असं दुकानदार म्हणाला होता. दोन महिन्यांत पडदा झाला. काही करावं लागत नाही, हातगुण लागतो, असं थोरला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

आता मात्र शेंडे पाण्यावर आडवे पसरून त्यांची गादी झाली होती आणि खाली पानं झडून नुसत्या काड्या उरल्या होत्या. त्यांच्यामधून सगळं आरपार दिसत होतं. स्वतः जाऊन जाब विचारणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याने बायकोला पाठवलं.

ती बऱ्याच वेळाने परतली.

"महिना झाला, भाऊजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत शिडीवरून पडले."

"मग? शिडी मी धरली होती?"

बाकीचं तिने शांतपणे सांगितलं. शेंडे वर दाटले की खाली उजेड पोचत नाही आणि पानं झडतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी, थोरला शिवणाच्या दुकानात गेला की, धाकटा आपल्या बाजूचं झाकण उचलून शेंडे छाटायचा, उघड्या काड्या उपटून फेकायचा आणि तेच शेंडे पुन्हा वाळूत लावायचा. दोन वर्षं, न चुकता.

आपण आयत्या बिळावरचे नागोबा ठरलो, हे थोरल्याला फार झोंबलं. त्याहून वाईट म्हणजे, क्षणभर त्याला बरं वाटलं होतं.

"त्याला काय पडलं होतं एवढं?"

"मी विचारलं. म्हणाले, दादाचं तोंड दिसू नये म्हणून."

ज्या कात्रीने त्याने बायकोला कधी कागदही कापू दिला नव्हता, ती कापडाची कात्री घेऊन त्याने बाही वर सारली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. पडदा कसा असतो ते आता तोच दाखवणार होता. त्याने शेंडे कापले, काड्या उपटल्या, पाणी गढूळ केलं. पण लावलेला शेंडा बोट सोडलं की वर यायचा. एकदा, दोनदा, पाचदा. पंचवीस वर्षं माणसांना मापात बसवणाऱ्या शिंप्याला ती वीतभर काडी जुमानत नव्हती. त्याने एक शिवी हासडली.

पलीकडे खुर्ची सरकली. काचेमागे आधी पोट आलं, मग प्लास्टर, मग खाली वाकलेला चेहरा. बराच उतरला होता.

"खालची पानं काढ आधी," टाकीवरच्या फटीतून आवाज आला. "आणि तिरका खोच. सरळ खोचलास की वर येतो."

थोरल्याने पानं काढली, शेंडा तिरका खोचला. तो राहिला. दुसराही राहिला. तो एकेक लावत गेला आणि पलीकडची हनुवटी गेली, तोंड गेलं, नाक गेलं. एक डोळा उरला.

"जरा डावीकडे लाव," धाकटा म्हणाला. "अजून दिसतोयस."

थोरल्याच्या बोटांत शेवटचा शेंडा होता. तो त्याने पाण्यात तसाच धरून ठेवला.

"कुणाच्या डावीकडे?" त्याने विचारलं.