विरलेल्या मिठाची गाठ

मी एक खोटी गाठ बोलतेय. कुणाच्या डोक्यात उगवले नाही. कोरियातल्या बुसानच्या एका इस्पितळात शेगडीवर शिजले. समुद्री शेवाळाची जेली आणि मीठ, एवढाच माझा जन्म. प्लास्टिकच्या कवटीत अळणी जेली भरायची आणि मधोमध मला, खारटीला, बसवायचं.

रोगट मेंदूतून वीज जास्त सहज जाते, तशीच माझ्यातूनही. म्हणून मशीन आधी माझं चित्र काढतं. मी किती खारट ते वहीत असतंच. त्यावरून मशीनला शिकवतात की रोग एवढा उजळ दिसतो. मग खऱ्या माणसाची पाळी.

पण मीठ जागेवर राहत नाही. चार-पाच दिवसांत ते झिरपून शेजारच्या अळणी जेलीत जातं. म्हणून मला दर वेळी नव्यानं शिजवायचं. हे काम डॉक्टर प्योचं. पोरगा हुशार, पण थकला की हुशारी काय कामाची?

छुसॉकच्या सणाला तो गावी गेला, पूर्वजांच्या थडग्यांपुढे नैवेद्य मांडायला. मी फ्रिजमध्ये. पाचव्या दिवशी अकरा तास गाड्यांच्या रांगेत अडकून परतला, तर दारात पेशंट बसलेली. त्यानं मलाच उचललं. वहीतला आकडा जुनाच ठेवला.

पेशंट ओकबुन, मासळीबाजारात ईल मासे विकणारी. डोक्यातली गाठ दोन वर्षांपूर्वी काढलेली, वर किरणांचे शेक दिलेले. आता तिथेच नवा डाग. रोग परतला, की नुसता भाजल्याचा व्रण? व्रण असेल तर हात लावायचा नाही. रोग असेल तर कापायचं, आणि बोलण्याची जागा तिथेच लागून. डॉक्टरांचं एकमत होत नव्हतं. आता आमच्या चित्रावर ठरणार होतं.

मला टेबलावर पाहून तिनं विचारलं, हे काय. प्यो म्हणाला, खोटी गाठ.

"मग हीच बसवायची होती ना माझ्या डोक्यात," ती म्हणाली. लेक सन्हे दटावायला लागली, तर तिलाच म्हणाली, "तू गप गं. जिभेवर दुकान चालतं माझं. बोलू दे आहे तोवर."

मशीन सुरू झालं. मी फिकी पडलेली, आणि माझा फिकेपणा म्हणजेच पुरता रोग, असं ते शिकलं. मग ओकबुनचा फिका डागही त्याला रोगच दिसला. मी ओरडणार कशी? मला तोंड कुठाय!

कापलं. आत रोग नव्हता, मेलेला व्रण होता. ओकबुनची वाचा गेली.

दुसऱ्या आठवड्यात प्योनं नवी गाठ शिजवली, तिचं नि माझं चित्र शेजारी लावलं आणि खुर्चीत बसूनच राहिला. त्याला कळलं. कुणाला बोलला नाही.

काल ओकबुन तपासणीला आली. गिऱ्हाइकांना हाका आता सन्हे घालते, तिला ते जमत नाही. प्यो कमरेत खाली वाकला, वाकलेलाच राहिला. ओकबुनला वाटलं, किती नम्र पोरगा. तिनं सुक्या मासळीची पुडी त्याच्या हातात कोंबली, घे म्हणून दोनदा डोकं हलवलं. सन्हे म्हणाली, "घ्या डॉक्टर, आईनं स्वतः निवडलीय."

त्यानं घेतली.

आज मी कचऱ्याच्या डब्यात आहे, सुकून बोराएवढी झालेय. संध्याकाळी डबा उचलतील. माणसांनो, तुम्हाला तरी तोंड आहे. तिला विचारता येत नाही; तुम्ही सांगा तिला.