श्वास धर

आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर पाच वस्तू होत्या: रक्तदाबाचं यंत्र, गोळ्यांची डबी, पाण्याचा तांब्या, तिचा चष्मा आणि माझी वही. वहीत एकोणीस दिवसांच्या एकशे चौदा नोंदी होत्या, रोजच्या सहा. त्यांतल्या तेवीस नोंदींत वरचा आकडा एकशे साठच्या खाली होता.

एकशे साठ ही डोळ्यांच्या डॉक्टरांची अट. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा आईला दारातूनच परत पाठवलं. एकदा एकशे अठ्ठ्याहत्तर, एकदा एकशे ब्याऐंशी. "गोळ्या बरोबर आहेत. बाईंना ताण आहे, तो कमी करा," असं ते म्हणाले. तिसरी तारीख गुरुवारची होती. ती हुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि तोवर वर्षावास सुरू झालेला असणार. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या त्या तीन महिन्यांत, आमच्या कॉलनीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बावीस वर्षं ते आईच करते. तिचा डावा डोळा आधीपासून अधू आहे, आणि आता मोठ्या टाइपातली ओळही तिला पुसल्यासारखी दिसते.

"यंदा उज्वलाताई वाचतील," मी म्हटलं होतं.

"वाचेल की. जोडाक्षरं गिळते, पण वाचेल," आई म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली.

म्हणून मी साधे उपाय एकेक करून तपासत होते. कोमट पाण्यात पाय, संध्याकाळी बातम्या बंद, कॉलनीच्या रस्त्यावर वीस मिनिटं फेरी. शेवटचा उपाय संथ श्वासाचा, मोजताना. त्याने आकडा उतरायच्या ऐवजी सरासरी सहाने चढला. यंत्र बिघडलंय का म्हणून मी माझ्या दंडाला लावून पाहिलं. एकशे बारा.

रविवारी घोटीहून ललितामावशी आली, दहा किलो तांदूळ घेऊन. मी आईला पट्टा बांधला, बटण दाबलं आणि नेहमीसारखी यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत राहिले.

"आई, श्वास धर."

मावशी पाणी पिता पिता थांबली. "मनाली, अगं ही तर बुडी मारून बसली! गाल बघ कसे फुगलेत!"

यंत्र वाजलं तेव्हा आईने भस्सकन श्वास सोडला. "तूच म्हणतेस ना धर म्हणून? एक्स-रेवालाही तेच म्हणतो. आधी दम तुटायचा, आता वाजेपर्यंत जमतं मला."

"आई! विहारात ध्यानाला बसताना म्हणतात ना, श्वासावर लक्ष धरा, तसं!"

"विहारात लक्ष धरतात. दवाखान्याच्या यंत्राला श्वास धरतात. एवढं कळत नाही का मला?"

"लय शिकली पोरगी," मावशी म्हणाली, "अन् आईला गुदमरून टाकलं." ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग खालीच बसलीय म्हणून तिने दोन ताटांत तांदूळ ओतले. "ते यंत्र ठेव आता कपाटात. निवडायला बसा. मी जरा आडवी होते."

आई डोळ्यांनी निवडत नव्हती. बोटांची टोकं ताटावरून फिरायची, थांबायची, खडा बाजूला जायचा. मी सवयीने तिचे श्वास मोजले. सकाळी मिनिटाला एकोणीस होते, आता अकरा.

"मनू, तुझी दोनदा रजा गेली," ती ताटाकडे बघत म्हणाली.

"जाऊ दे."

"पट्टा बांधलास की मी तुझं तोंड बघते. तेवढं दिसतं अजून. दहावीच्या निकालाला झालं होतं, तसं होतं ते. मग माझ्याच छातीत धडधडतं."

"तू नापास होशील म्हणून नाही गं."

"मग?"

मी थोडा वेळ तांदूळ नुसतेच इकडून तिकडे केले. "तुला दिसलं नाही तर, याची भीती वाटते मला."

"मलाही," आई म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली. माझ्या ताटात हात घालून तिने एक खडा शोधला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घे. चांगल्या डोळ्यांतून सुटलेला. रजा किती उरल्यात?"

"नऊ."

"मग अजून नऊदा परत पाठवू देत."

पुढचे तीन दिवस आम्ही काहीच मोजलं नाही. रोज दुपारी आई तांदूळ निवडायची. संध्याकाळी कामावरून आले की मीही तिच्या शेजारी बसायचे आणि आम्ही बोलायचो, बहुतेक उज्वलाताईंच्या जोडाक्षरांबद्दल.

गुरुवारी मी पसरट डब्यात अर्धा किलो तांदूळ घेतले. दवाखान्यात आईने डबा मांडीवर ठेवला आणि बोटं फिरवायला लागली.

"मावशी, इथंच भात लावताय का?" सिस्टरने आईला विचारलं.

"तुम्ही जेवायला थांबत असाल तर लावते."

सिस्टर हसल्या आणि पट्टा बांधायला लागल्या. मी डबा माझ्याकडे घेतला आणि मान खाली घालून निवडत राहिले.

"आता बोलू नका हं."

"श्वास तर घेऊ ना?"

"घ्या की, मावशी!"

पट्टा फुगला आणि हळूहळू उतरला. सिस्टरने कागदावर लिहिलं: वरचा एकशे बेचाळीस, खालचा चौऱ्याऐंशी.