ओरिलाची कास्केट

आमच्या व्हरमाँटमध्ये डिसेंबरात जमिनीत कुदळ शिरत नाही. त्या दिवसांत मेलेली माणसं गावाच्या दगडी कोठीत पडून राहतात. बर्फ वितळला की पुरायची. माझ्या बहिणीची, ल्युसिंडाची, लेक ओरिला घटसर्पाने गेली, तीही तिथेच ठेवली.

आमचा सुतार खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती शवपेटी करायचा. बघताच कळायचं की आत माणूस आहे आणि तो मेलाय. पण यंदा थ्रॉल नावाच्या इसमाने दुकान थाटलेलं. त्याची पेटी चौकोनी, आत पांढरं रेशीम, झाकणाला कुलूप.

"शवपेटी म्हणू नका, बाई. ही कास्केट. दागिन्यांच्या डबीला म्हणतात ना, तीच. तुमचं रत्न आहे ते," म्हणत त्याने किल्ली ल्युसिंडाच्या मुठीत ठेवली.

हलकट. मरणाचं नाव घ्यायची लाज, म्हणून शब्द विकत होता. आणि माझ्या बहिणीने तो खरा मानला.

रोज दुपारी कोठीत जाऊन ती कास्केट उघडायची, पोरीचे केस विंचरायची.

"बर्फ गेला की पुरायचंय तिला," मी बजावलं.

"दागिने कुणी पुरतं का गं?"

"ल्युसी, मेलीय ती."

"तू ना, त्या सुताराशीच लग्न करायला हवं होतंस."

एकदा मी सोबत गेले. तापात मीच ओरिलाचे केस कानापर्यंत कापले होते. आता वेणी खांद्याखाली आली होती. थंडीत भास होतात, अशी मी मनाची समजूत घातली.

एप्रिलअखेर खड्डा खणला. ल्युसिंडा आलीच नाही. चौघांनी कास्केट उचलली आणि एकमेकांकडे पाहिलं. फार हलकी लागली.

"लाकूड वाळतं," थ्रॉल म्हणाला.

"उघड," मी म्हटलं.

"किल्ली तिच्या आईकडे आहे."

पाद्र्याने प्रार्थना उरकली. सगळ्यांना कळलं होतं, तरी रिकामी डबी पुरली त्यांनी, माझ्यादेखत. भेकड लेकाचे.

मी तडक बहिणीच्या घरी गेले. घरात कसलाच वास नव्हता. वास असता तर बरं वाटलं असतं. ल्युसिंडा खाटेशी बसून चादरीबाहेर आलेल्या केसांची वेणी घालत होती. वेणी जमिनीला टेकली होती.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय."

"चल, नेऊ तिला. माती अजून भुसभुशीत आहे."

"तूच विचार तिला, येतेस का म्हणून."

मी चादर ओढायला हात घातला. आतून कुणीतरी माझं बोट धरलं, गार, घट्ट.

मी विचारलं नाही.